रूट ६६ वरचं अँबॉय : पाटीपलीकडचं गाव कसं बघावं?

रानवाट :

गेल्या शनिवारी आम्ही दोघं आणि लेक कॅलिफोर्नियातल्या अँबॉयला जाऊन आलो. लॉस एंजेलिसहून निघून बार्स्टोला आय-४० हा महामार्ग धरायचा, लडलोला तो सोडायचा आणि रूट ६६ या जुन्या हायवेला लागायचं. तिथून २८ मैल मोहावीचं वाळवंट. सोबतीला रेल्वेचे रूळ आणि मधूनच जाणारी न संपणारी मालगाडी. बाकी माणूस दिसत नाही.

मग लांबून ती पाटी दिसते. 'रॉइज' मोटेल आणि कॅफेची, ५० फूट उंच, १९५९ सालची. तुम्ही सगळ्यांनी फोटोत पाहिली असेल. आम्हीही तेच केलं. फोटो काढले, दुकानातून थंड पेय घेतलं आणि वीस मिनिटांत गाडीत बसलो. निघताना लेकीने विचारलं, "आई, इथल्या मुलांची शाळा कुठेय?" शाळेची इमारत आहे, कुंपणाच्या आत. १९९९ ला बंद झाली. मी तिला बोटाने दाखवली आणि गाडी वळवली.

तेव्हापासून चुटपुट लागून राहिलीय. एखाद्याच्या घरी जावं आणि दारावरची पाटी वाचून परत फिरावं, तसं काहीसं झालं. नोव्हेंबरात पुन्हा जायचा विचार आहे. इथले कुणी नीट फिरलेत का तिकडे? असं विरत चाललेलं गाव बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं? आसपास कुठे थांबावं?

निवडुंग :

वाचतोय. आमचंही कधीचं मनात आहे. फोटो टाका ना.

रूळवेडा :

रानवाट, त्या न संपणाऱ्या मालगाडीपासूनच सुरुवात करा. अँबॉय हे आधी रेल्वेचं गाव. हायवे फार नंतर आला. १८८३ मध्ये या वाळवंटातून रूळ पडले. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर थांबे लागायचे आणि ओसाड जागी गावंच नव्हती, मग थांब्यांना नावं कुठून आणणार? अटलांटिक अँड पॅसिफिक रेल्वेच्या लुईस किंगमन नावाच्या इंजिनियरने सरळ मुळाक्षरांच्या क्रमाने नावं दिली. पश्चिमेकडून पूर्वेकडे म्हणत जा : अँबॉय, ब्रिस्टल, कॅडिझ, डॅनबी, एसेक्स, फेनर, गॉफ्स, होमर, आयबिस, जाव्हा. ए पासून जे पर्यंत.

यातल्या बऱ्याच नावांच्या जागी आज गाव म्हणावं असं काही नाही. पण नकाशा हातात घेऊन हे थांबे एकेक करत ओलांडा. लेकीला नक्की आवडेल.

या पट्ट्यात पाण्याची मोठी मारामार होती. न्यूबेरीला झरे आहेत, तिथलं पाणी रेल्वेच्या टाक्यांतून लडलोसारख्या ठिकाणी पोचवत. पुढे डिझेल इंजिनं आली आणि पाण्यासाठी थांबायची गरजच संपली. म्हणजे हायवेने पाठ फिरवण्याच्या आधी एकदा रेल्वेनेही या गावांकडे पाठ फिरवली होती.

आंबोळी :

रूळवेडा, काय सुंदर माहिती! आपल्या कोकण रेल्वेवर शोधायला बसले लगेच. आडवली, आरवली, इंदापूर, उक्षी... उ पर्यंत झकास जमतंय, ए ला गाडी अडली. :)

रूळवेडा :

आंबोळी, सुरुवातीला अंजणी घ्या, म्हणजे 'अ' सुद्धा सुटला!

खोपोलीकर :

मी अमेरिकेत कधी आलो नाही, पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर आमचं उपाहारगृह होतं. आजोबांनी सुरू केलेलं, सहा बाकडी आणि एक भटारखाना. घाट चढण्याआधी गाड्या थांबायच्या, बोनेट उघडून इंजिन थंड करायचे, तोवर माणसं आत येऊन वडा-चहा घ्यायची. पहाटे चारला बाबा कढई चढवायचे आणि रात्री अकराला उतरवायचे. २००२ मध्ये एक्स्प्रेसवे पूर्ण सुरू झाला. आम्हाला माहीत होतंच की गाड्या कमी होणार. पण कमी म्हणजे किती, ते त्या पहिल्या रविवारी कळलं. बाबांनी नेहमीइतकं पीठ भिजवलं होतं. दुपारी तीन वाजता ते बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले, अर्धा तास नुसते उभे होते. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी अर्धंच पीठ भिजवलं.

आमचं गाव मोठं, कारखाने होते, लोकल होती, त्यामुळे ते टिकलं. अँबॉयकडे रस्त्याशिवाय दुसरं काहीच नसेल, तर तिथे काय झालं असेल याची कल्पना मी करू शकतो. म्हणून रानवाट, तुम्हाला लागलेली चुटपुट मला फार जवळची वाटली. परत जाल तेव्हा तिथे काम करणाऱ्या माणसाशी चार शब्द बोला. कुणी नुसतं विचारलं तरी बरं वाटतं. बाबांना वाटायचं.

सांजवेळ :

खोपोलीकर, 'अर्धंच पीठ भिजवलं' वाचून डोळे भरून आले.

जुना_नकाशा :

खोपोलीकरांचा अंदाज अगदी बरोबर आहे. अँबॉयचा तो रविवार १९७३ मध्ये आला. आय-४० गावाच्या उत्तरेकडून काही मैलांवरून गेला आणि वाहतूक एकदम आटली.

त्याआधीची गोष्ट अशी. रूट ६६ ची आखणी १९२६ ची, शिकागो ते लॉस एंजेलिस, पुढे सांता मोनिकापर्यंत. रॉय क्रोल यांनी १९३८ मध्ये अँबॉयला पेट्रोलपंप आणि गॅरेज टाकलं. जावई बस्टर बर्रिस येऊन मिळाले आणि कॅफे, राहायच्या खोल्या वाढल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन कुटुंबं गाड्या काढून पश्चिमेला निघाली, तो त्यांचा भरभराटीचा काळ. वाळवंटात गाडी बिघडली की मैलोन्मैल दुसरं गॅरेज नाही. १९८५ मध्ये रूट ६६ अधिकृत यादीतूनच काढला गेला. २००५ मध्ये अल्बर्ट ओकुरा यांनी अख्खं गाव बर्रिस यांच्या पत्नीकडून ४,२५,००० डॉलरला घेतलं. ओकुरा यांची कोंबडीच्या खाद्यपदार्थांच्या उपाहारगृहांची साखळी होती. पेट्रोलपंप त्यांनी पुन्हा चालू केला आणि विझलेल्या पाटीचे निऑन दिवे नोव्हेंबर २०१९ मध्ये पुन्हा लागले. जानेवारी २०२३ मध्ये ते गेले.

आता एक गोष्ट, जी या रस्त्याच्या आठवणींत फारशी येत नाही. ज्या दिवसांना आपण सोनेरी म्हणतो, त्या दिवसांत रूट ६६ वरच्या कितीतरी मोटेलांत कृष्णवर्णीय प्रवाशांना खोली मिळत नसे. कुठे थांबता येईल, कुठे जेवायला मिळेल, हे सांगणारी वेगळी मार्गदर्शिका त्यांच्यासाठी छापली जायची. आणि हे वाळवंट रिकामंही नव्हतं. मोहावी आणि चेमेहुएवी लोकांच्या पाऊलवाटा इथून फार आधीपासून होत्या. रेल्वे यायच्या आधीही इथे माणसाला पाणी कुठे आहे ते माहीत होतं. ते आठवून फिरलं तर गाव जास्त खरं दिसतं, असं मला मनापासून वाटतं.

सडाफटिंग :

मी वेगळं मत मांडतो. दोनदा गेलोय, अर्धा तास पुरतो. खोल्या बंद, भटारखाना बंद, राहायची सोय नाही. बंद दारं बघायला साडेतीन तास गाडी हाकायची कशाला? त्यापेक्षा पुढे ॲरिझोनात सेलिग्मनला जा.

तिथेही असंच झालं होतं. २२ सप्टेंबर १९७८ ला नवा रस्ता सुरू झाला आणि गाव ओस पडलं. पण तिथले न्हावी एंजल डेलगाडिओ गप्प बसले नाहीत. गावकऱ्यांना गोळा केलं, १९८७ मध्ये राज्याची रूट ६६ संघटना उभी केली, सरकारच्या मागे लागून जुन्या रस्त्याला 'ऐतिहासिक' दर्जा मिळवला. आज तिथे दुकानं आहेत, जेवण आहे, बसेस भरून लोक येतात. गाव जगवलेलं बघा ना, मरणारं कशाला बघायचं?

सांजवेळ :

सडाफटिंग, डेलगाडिओंबद्दल शंभर टक्के सहमत. मोठा माणूस. पण सेलिग्मन माणसांनी राखलं, कारण तिथे राखायला माणसं उरली होती. अँबॉयला हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. म्हणून तिकडे जायचंच नाही, हे काही पटत नाही.

बॅगडॅडचं उदाहरण घ्या. अँबॉयच्या पश्चिमेला होतं ते. १९१२ च्या ऑक्टोबरपासून १९१४ च्या नोव्हेंबरपर्यंत सलग ७६७ दिवस तिथे पावसाचा थेंब पडला नाही, अमेरिकेतला विक्रम. तेवढं सोसूनही गाव पुढे अनेक वर्षं टिकलं. हायवे वळल्यावर मात्र संपलं. आज तिथे एक इमारत उभी नाही. अँबॉय निदान उभं तरी आहे.

काळा_पाषाण :

सगळे रस्त्याबद्दलच बोलताहेत, कुणी जमिनीकडे बघा रे!

अँबॉयच्या पश्चिमेला, रस्त्यावरूनच दिसेल असा, एक ज्वालामुखीचा शंकू आहे. अँबॉय क्रेटर. सुमारे २५० फूट उंच, भोवती काळ्या लाव्ह्याचं पसरलेलं रान. १९७३ मध्येच त्याला राष्ट्रीय नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला. ज्या वर्षी गाव ओस पडायला लागलं, त्याच वर्षी डोंगराला मान मिळाला.

मी पहिल्यांदा तिथे उतरलो आणि हातात दगड घेतला तेव्हा पोटात कालवलं. तो बेसाल्ट होता! आपल्या सह्याद्रीचाच दगड. राजगडाच्या पायऱ्या, लेण्याद्रीचा कातळ, आमच्या वाड्याचं जोतं, सगळं ज्याचं आहे तो. फरक एवढाच की आपला लाव्हा भेगांतून थरावर थर वाहत आला आणि त्यावर कोट्यवधी वर्षांच्या पावसाने माती, झाडं, शेवाळ चढवलं. इथे पाऊसच नाही, त्यामुळे लाव्हा जसा थिजला तसा दिसतो. सुरकुत्या, फुटलेले बुडबुडे, फाटलेली कड, सगळं. सह्याद्री पोरवयात कसा दिसत असेल ते बघायचं असेल तर इथे या. पायवाट शंकूला वळसा घालून मागच्या फुटलेल्या बाजूने आत चढते. सकाळी लवकर गेलात तर जाऊन-येऊन दोन-अडीच तास.

वरून दक्षिणेला ब्रिस्टल ड्राय लेक दिसतं. सुकलेलं तळं, पांढरं फटक, त्यात सरळ रेषेत खणलेले चर. खारं पाणी चरांत भरून उन्हात आटवतात, कॅल्शियम क्लोराइड आणि मीठ काढतात. उरणची किंवा भाईंदरची मिठागरं पाहिलेल्याला समजावून सांगायला नको. म्हणजे सडाफटिंग, इथे सगळंच मरत नाहीये. रोज सकाळी कामावर येणारी माणसं आहेत, फक्त ती पाटीखाली उभी नसतात.

सडाफटिंग :

काळा_पाषाण, हे मला माहीत नव्हतं. दोन्ही वेळा क्रेटरकडे वळलोच नाही. चूक झाली.

पूलवाला :

मी या राज्यात पुलांचंच काम करतो, म्हणून जाण्याआधी एक सांगतो. हा जुना रस्ता शंभरावर लाकडी पुलांवरून जातो, बहुतेक १९३० च्या आसपासचे. पाऊस क्वचित पडतो, पण पडला की डोंगरातलं पाणी कोरड्या ओढ्यांतून लोंढ्याने येतं. २०१४ आणि २०१७ च्या पुरांनी बऱ्याच पुलांची वाट लावली. काउंटी (म्हणजे जिल्हा प्रशासन) एकेक पूल नव्याने बांधतेय, त्यामुळे अँबॉयच्या पूर्वेचे तुकडे बंद असू शकतात. निघण्याआधी काउंटीच्या रस्ते विभागाकडे चौकशी करा. बंदची फळी दिसली तर वळसा घालून पुढे घुसू नका.

रस्त्याकडेचे ते लांबच लांब मातीचे बांध पाहिलेत ना? ते लोंढा अडवून पुलाकडे वळवण्यासाठी आहेत. लोक त्यांच्यावर दगड मांडून आपली नावं लिहितात, मैलच्या मैल नावं. बांधावर चढून माती ढासळवू नका, एवढी विनंती.

आंबोळी :

अय्या, आम्ही लिहिलं होतं आमचं नाव! खूप आवडलं होतं तेव्हा. एक जुनं नाव तर अर्धवट विस्कटलेलं होतं, मुलाने ते नीट लावून दिलं. पूलवाला, बांधाचं काम काय ते माहीत नव्हतं. पुढच्या वेळी खाली उभं राहून नुसती वाचू.

जुना_नकाशा :

मला ती नावं नकोच वाटतात. दगड उचलला की त्याखालचा किडा-सरडा उघडा पडतो. नाव लिहायचंच तर वहीत लिहा.

खोपोलीकर :

जुना_नकाशा, तुमचं बरोबर असेल. पण आमच्या भिंतीवर गिऱ्हाइकांनी कोळशाने लिहिलेली नावं बाबांनी कधी पुसली नाहीत. दुकान बंद केलं त्या दिवशी त्यांनी ती सगळी वाचून काढली.

औषधपेटी :

इथे एमर्जन्सी विभागात काम करते, म्हणून आईच्या मायेने दटावते. उन्हाळ्यात क्रेटर चढायचा नाही म्हणजे नाही! तापमान ४५ च्या वर सहज जातं, मोबाइलला रेंज नसते आणि काळा दगड खालून भाजतो. तिथे उष्माघाताने माणसं गेली आहेत. ऑक्टोबर ते मार्च ठीक. माणशी किमान चार लिटर पाणी, टोपी, मीठ-साखर. पेट्रोल बार्स्टोला भरून घ्या, अँबॉयला मिळालं तरी महाग असतं. आणि गाडी सुरू करायच्या आधी वाकून खाली बघा, वाळवंटी कासव सावलीला येऊन बसलेलं असतं.

पाण्यावरून आठवलं, जुन्या फोटोंत गाड्यांच्या पुढे कॅनव्हासच्या पिशव्या लटकवलेल्या दिसतात, त्या पाण्याच्याच ना?

रूळवेडा :

हो, पाण्याच्याच. आणि आपल्याकडे त्यालाच छागल म्हणतात! ट्रकच्या आरशाला टांगलेली असायची. जाड कापडातून पाणी किंचित झिरपतं, वाऱ्याने ते उडून जातं आणि आतलं गार होतं. माठाचंच तत्त्व. मोहावी ओलांडताना इंजिनात घालायला आणि प्यायला, दोन्हीसाठी लागायची.

निवडुंग :

छागल! आमच्या मामांच्या जीपला होती. त्या पाण्याला कापडाचा एक वास यायचा. कित्येक वर्षांनी शब्द ऐकला.

खोपोलीकर :

बाबांची छागल अजून माळ्यावर असावी. शोधतो.

सांजवेळ :

रानवाट, कुठे थांबावं ते विचारलं होतंत, म्हणून सांगते. परतीला सॅन बर्नार्डिनोजवळ रूट ६६ वरच विगवाम मोटेल आहे, १९४९ सालचं, काँक्रीटच्या शंकूच्या आकाराच्या खोल्या. पार मोडकळीला आलं होतं, २००३ मध्ये एका गुजराती कुटुंबाने घेऊन पुन्हा उभं केलं. जुन्या हायवेवरची मोटेलं चालू ठेवण्यात आपल्या देशाच्या लोकांचा वाटा किती मोठा आहे, ते तिथे राहिल्यावर जाणवतं.

रानवाट :

मंडळी, आम्ही पुन्हा जाऊन आलो! उशीर झाला लिहायला.

लडलोहून निघतानाच लेकीच्या हातात कागद दिला, ए पासून जे पर्यंत. पूर्वेचा रस्ता बंदच होता, त्यामुळे अँबॉयवर थांबावं लागलं. तिने उरलेली नऊ नावं कागदावर तशीच ठेवलीत, 'नंतर' असं लिहून.

सकाळी सातला क्रेटरच्या पायथ्याशी होतो. काळा_पाषाण, तुमच्या सांगण्यावरून आत उतरलो. आतली जमीन सपाट आहे, वारा पूर्ण थांबतो. नवऱ्याचं बालपण जुन्नरचं. तो बराच वेळ दगड हातात धरून बसला आणि मग जिथून उचलला तिथेच ठेवला. वरून मिठागराचे चर दिसले, एक पिवळं यंत्र हळूहळू सरकत होतं.

दुपारी गावात. या वेळी गाडी लांब लावून चालत फिरलो. शाळा कुंपणाबाहेरूनच पाहिली. चर्च पाहिलं. खोल्यांच्या ओळीसमोरून गेलो. दुकानातल्या माणसाशी बोललो, खोपोलीकर, तुमचं ऐकून. मी विचारलं की लोक काय विचारतात सगळ्यात जास्त. म्हणाला, संडास कुठे आहे आणि पाटी कधी लागते. आणखी काय सांगावंसं वाटतं म्हणून विचारलं, तेव्हा काउंटरमागून बाहेर आला आणि पाणी कसं आणावं लागतं ते पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. भूजल खारं, म्हणून भटारखाना चालवणंही अवघड.

संध्याकाळी पाटी लागली. आम्ही तिच्याकडे पाठ करून पायरीवर बसलो होतो, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खात. समोरच्या रस्त्यावर लाल उजेड पडला तेव्हा कळलं. मालगाडी आली, लेकीने डबे मोजायला सुरुवात केली आणि एकशे चारला चुकली. सडाफटिंग, अकरा तास होतो आम्ही तिथे.

सडाफटिंग :

अकरा! मान गए. जानेवारीत मी जातोय, क्रेटरसाठी. पूर्वेचा रस्ता उघडला तर गॉफ्सपर्यंत. तिथे १९१४ ची शाळा नीट जपलीय, तुमच्या लेकीला दाखवायला हवी.

रानवाट :

शाळा! मग आम्हीही येतो. कागदावरचा जी पण होईल.

खोपोलीकर :

छागल सापडली. एका कोपऱ्यातून गळत होती. आई म्हणाली, शिवू नकोस, आधी दोन दिवस भिजत ठेव, धागे फुगले की आपोआप धरते. ठेवली. आज सकाळी भरून खिडकीला टांगली आहे. रानवाट, माझा भाचा डिसेंबरात लॉस एंजेलिसला येतोय. त्याच्याबरोबर पाठवू का?